हिलालनं निवडलेला आवाज

हिलालला जन्मापासून कुणी काही निवडायला सांगितलं नव्हतं. सातवीत शाळा सुटली, ती बापानं सोडवली. सोनगीरला तांबटांच्या आळीत बाप भट्टीचा भाता ओढायचा. दिवसभर तांब्याच्या पत्र्यावर हातोड्या पडत असायच्या आणि त्या गलबल्यात बसून हिलाल बेंजो वाजवायला शिकला. बेंजोही त्यानं निवडला नव्हता. भजनी मंडळाच्या पेटीत धूळ खात पडला होता, म्हणून हाताला लागला. पुढं एका लग्नात धुळ्याच्या छगनआबांनी त्याचा हात ऐकला आणि बापाशी बोलून त्याला आपल्या बँडमध्ये घेऊन आले. जेवू घातलं, अंगाबरहुकूम लाल कोट शिवून दिला, सूर-ताल शिकवला, आणि पोरगा सरळ आहे असं पाहून आपली एकुलती एक मुलगी लता त्याला देऊन टाकली. हिलालला कळलं तेव्हा हळदीचा दिवससुद्धा ठरला होता.

लता चांगली होती. त्याबद्दल त्याची कधी तक्रार नव्हती. पण लग्नानंतर तो राहायला गेला कुठं, तर बँडच्याच दुकानामागच्या खोलीत. आग्रा रोडच्या मागच्या गल्लीत ते दुकान. पुढच्या लांबट खोलीत ढोल, ताशे, भोंग्यांची हातगाडी आणि खुंट्यांवर टांगलेले कोट. त्यामागं स्वयंपाकघर. त्याच्याही मागं ही खोली. खिडकी उघडली की समोर पिठाच्या गिरणीची भिंत, हात लांबवला तर टेकेल इतकी जवळ. गिरणी चालू झाली की खोलीतला पाण्याचा पेला थरथरायचा. बाहेर जायचं तर आधी चुलीपाशी बसलेल्या लताला ओलांडायचं, मग ढोलांमधून आडवं होऊन वाट काढायची आणि शेवटी उंबऱ्यावर खुर्ची टाकून बसलेल्या आबांसमोरून जायचं. कुठं निघालास या अर्थी आबा विचारायचे, "कथा?" हिलाल म्हणायचा, "आठेच." खरोखर तो इथंच कुठंतरी जाऊन यायचा.

गिऱ्हाइकासमोर आबा त्याला 'आमना जवाई' म्हणायचे. गिऱ्हाईक गेलं की नुसतं हिलाल.

चौऱ्याऐंशीच्या सुमारास गावातल्या दुसऱ्या एका बँडनं वरातीत इलेक्ट्रिक गिटार आणली आणि छगनआबांची झोप उडाली. पुढच्याच महिन्यात ते जळगावहून कलकत्ता बनावटीची एक तांबडी गिटार घेऊन आले आणि ती हिलालच्या मांडीवर ठेवून म्हणाले, "बेंजोले बी तारा शेत, हिले बी तारा शेत. वाजाड."

त्यानं वाजवली. पहिल्या लग्नसराईत बोटांची सालं निघाली, दुसऱ्या सराईत हात बसला. पण एक गोष्ट त्याच्या मनाला सारखी टोचत राहिली. गिटारचा सूर टिकत नव्हता. तार छेडली की टणकन आवाज यायचा आणि तिथंच विरून जायचा. शेजारी आबा क्लॅरिनेट फुंकायचे. त्यांनी एक सूर धरला की तो वाकायचा, चढायचा, रडकुंडीला यायचा, पुन्हा सावरायचा. नवरीच्या पाठवणीला आबांनी तसा एक सूर लावला की दारातल्या बायका पदर डोळ्यांना लावायच्या. हिलालची गिटार त्या सुरामागं खडे टाकल्यासारखी वाजत राही. त्याला वाटे, आपल्याला एक सूर धरता आला पाहिजे. बस, एवढंच.

पाचकंदील चौकात नूर महंमद यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. बँडच्या भोंग्यांचं युनिट, म्हणजे आतला आवाज काढणारा भाग, उडालं किंवा ॲम्प्लिफायर तापून बंद पडला की तो घेऊन हिलाल तिकडं जायचा. ॲम्प्लिफायरला सगळे मशीन म्हणत. आबा ज्या कामाला 'कथा' म्हणून विचारत नसत, असं हे एकच काम होतं. त्यामुळं मशीन नीट चालत असलं तरी हिलालला कधीकधी त्यात बिघाड ऐकू यायचा. नूरभाईंना ते ठाऊक होतं. ते मशीन बाजूला ठेवायचे आणि चहा सांगायचे.

एकदा ते म्हणाले, "हिलाल, इंदूरचा एक ऑर्केस्ट्रा इथं धुळ्यात फुटला. आपापसात भांडले आणि ज्याला जी गाडी मिळाली ती धरून निघाले. थोडं सामान माझ्याकडं विकायला टाकून गेलेत. तुझ्या कामाचं काही आहे का बघ."

फळीवर ठेवलेल्या तीन डब्यांकडं त्यांनी बोट दाखवलं. साबणाच्या वडीएवढे, लोखंडी, वर खुंट्या आणि पायानं दाबायची कळ. एक भडक नारिंगी, एक राखाडी आणि तिसरा बिनरंगाचा, कुणीतरी घरीच पत्रा वाकवून केलेला. नूरभाईंनी समजावून सांगितलं. गिटारची वायर मशीनला जाण्याआधी या डब्यातून जाते. डबा आवाजाला इतका जोर लावतो की तो किंचित फाटतो आणि फाटला की टिकतो. मोठे वाजवणारे पायाशी हेच ठेवतात. याला ओव्हरड्राइव्ह म्हणतात.

"फाटलेला आवाज कोण ऐकणार?" हिलालनं विचारलं.

"रडणाऱ्या माणसाचा आवाज फाटलेलाच असतो ना," नूरभाई म्हणाले. "तरी आपण ऐकतोच."

हिलाल परत आला आणि कधी नव्हे ते आबांना त्यानं काहीतरी मागितलं. आबांनी खुर्चीतून मान वर केली. गिटार घेतली तरी तिचा बोभाटा होत नव्हता, हे त्यांनाही खटकत होतंच. थोडा वेळ मिशी कुरवाळून ते म्हणाले, "तीन शेत म्हनतस ना? मंग तूच निवड. वाजाडनार तू शेस."

हिलाल दुकानातून आत गेला आणि स्वयंपाकघरात नुसता उभा राहिला. लतानं विचारलं, "काय व्हयनं?" तो म्हणाला, "आबांनी मला निवडायला सांगितलं." त्याच्या आवाजात असं काही होतं की लतानं तवा खाली उतरवून ठेवला.

त्यानं घाई केली नाही. ज्याला पहिल्यांदाच निवडायला मिळतं तो घाई कशाला करील? दुपारी काम नसलं की गिटार पाठीला लावून तो पाचकंदिलाला जायचा आणि दुकानाच्या मागच्या बाजूला, उघडून ठेवलेल्या रेडिओंच्या सांगाड्यांमध्ये स्टुलावर बसायचा.

नारिंगी डबा आधी घेतला. पाय ठेवताच गिटार अशी किंचाळली की रस्त्यावरचा भाजीवाला थांबून आत बघू लागला. हिलाल खूश झाला. आवाज टिकत होता, पाहिजे तेवढा टिकत होता. पण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्याच्या लक्षात आलं की हळू छेडा नाहीतर जोरात छेडा, बोटानं वाजवा नाहीतर नखानं, हा आपला एकाच पट्टीत ओरडतो. नूरभाई दुसऱ्या कुणाच्या तरी रेडिओत डोकं घालून म्हणाले, "तो डबा तुझं ऐकतच नाही. तू काही म्हण, तो आपलंच म्हणतो."

बिनरंगाचा डबा मधेच घुरघुरायचा आणि एकदा तर त्यातून आकाशवाणीवरचे बाजारभाव ऐकू आले. तो बाद झाला.

राखाडी डबा पहिल्यांदा त्याला बिघडलेलाच वाटला. पाय दाबला तरी काहीच होईना. गिटार जशीच्या तशी. वैतागून त्यानं तारेवर जरा जोर दिला तेव्हा सूर एकदम भरून आला, कडेनं किंचित फाटला आणि तसाच उभा राहिला. हात हलका केला, तर पुन्हा निर्मळ. हिलालनं श्वास रोखून तेच पुन्हा केलं. हळू, मग जोरात. पुन्हा हळू. बोटाखाली तार जरा ओढली तर सूर वर चढत गेला, अगदी आबांच्या क्लॅरिनेटसारखा. तीन खुंट्या होत्या: एक आवाजाची, एक धारेची, म्हणजे सूर किती फाटावा त्याची, एक सूर जाड-बारीक करायची. त्या थोड्याशा फिरवल्या तरी डब्याचा स्वभाव बदले. त्या दुपारी त्यानं कुठलं गाणं वाजवलं नाही. एक सूर लावायचा आणि तो कुठपर्यंत जातो ते बघायचं, एवढंच करत राहिला. नूरभाईंनी हातातलं काम थांबवलं होतं.

आबांना वाटत होतं नारिंगी घ्यावा; भोंग्यातून लांबवर ऐकू जाईल. हिलालनं आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्याशी वाद घातला. म्हणाला, त्या किंचाळण्यानं भोंग्यांची युनिटं उडतील, सराईच्या मध्यात बसाल हात चोळत. हे निम्मं खरं होतं. आबांनी मानलं. राखाडी डबा घरी आला. त्या रात्री हिलाल जेवायला बसला तेव्हा लतानं पाहिलं, त्यानं डबा पाटाशेजारी ठेवला होता.

पहिली वरात लागली ती सोनगीरचीच. संध्याकाळची वेळ, किल्ल्याच्या अंगानं ऊन उतरलेलं. तांबट आळीच्या तोंडाशी वरात थांबली तसा हिलालचा बाप काम टाकून बाहेर येऊन उभा राहिला. हिलालनं ठरवलं होतं की आज सूर धरायचा. त्यानं डबा पायाखाली घेतला, तार ओढली आणि सूर हळूहळू वर न्यायला लागला.

नूरभाईंच्या दुकानात जे झालं ते इथं झालं नाही. इथं डब्यापुढं बँडचं मशीन होतं, आधीच तापलेलं, आणि त्याच्यापुढं दोन लोखंडी भोंगे. सूर भोंग्यातून बाहेर पडला तो चिरका, नाकातला, वळवळणारा. पुंगीसारखा. अगदी पुंगीसारखा. मग नवरदेवाचा एक चुलता खिशातला रुमाल काढून दातांत धरत पुढं झाला आणि रस्त्यावर आडवा पडून नागासारखा डोलायला लागला. दुसरा त्याच्यापुढं दोन्ही हातांची पुंगी करून बसला. बघता बघता धुळीत सात-आठ माणसं लोळत होती. हिलालनं सूर सोडला तर लोक ओरडले, "सोडू नको, सोडू नको." हिलालचा बापही हसत टाळ्या वाजवत होता.

परतताना टेम्पोत आबा त्याच्या शेजारी बसले. एरवी ते पुढं बसत. म्हणाले, "बठ्ठा गाव नाचना रे." त्यांनी हिलालच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि धुळं येईपर्यंत काढला नाही.

त्या सराईत छगनआबांच्या बँडला नागवाला बँड हे नाव पडलं. शिरपूरपासून पारोळ्यापर्यंत सुपाऱ्या येऊ लागल्या आणि सुपारी द्यायला आलेला माणूस पहिल्यांदा विचारायचा, नागवाला येणार ना? वरात निघाली की दहा पावलांवर नाग. चौकात नाग. देवळापुढं जरा दम खाऊन पुन्हा नाग. हिलालनं मधे दुसरं काही वाजवलं तर लोक ताटकळल्यासारखे उभे राहायचे. एकदा त्यानं धारेची खुंटी जरा खाली केली, सूर निवळला, आणि वरातीतल्या एका दारू प्यालेल्या माणसानं त्याच्या कोटाची कॉलर धरली. आबा धापा टाकत आले. त्यांनी माणसाला बाजूला घेतलं, मग वाकून स्वतःच्या हातानं खुंटी शेवटपर्यंत फिरवली. घरी आल्यावर लाखेची कांडी तापवून त्यांनी तिन्ही खुंट्यांच्या बुडाशी एक-एक थेंब सोडला. लाख गार झाल्यावर खुंटी फिरवून पाहिली. फिरली नाही.

"आते कटकट नही," ते म्हणाले. त्यात राग नव्हता. ढोलाची दोरी ताणून बांधावी तसं त्यांनी ते काम केलं होतं.

हळू वाजवलं तर निर्मळ आणि जोर केला तर फाटणारा डबा हिलालनं निवडला होता. आता तो नेमका नारिंगी डब्यासारखाच वाजत होता.

पुढच्या उन्हाळ्यात भुसावळकडची एक सुपारी होती. वरात संपल्यावर पांढरा शर्ट घातलेला एक शिडशिडीत माणूस हिलालजवळ आला. त्याचं नाव तोताराम. दीपनगरच्या वीज केंद्रात ऑपरेटर होता आणि तिथल्या कॉलनीत त्यानं एक ऑर्केस्ट्रा उभा केला होता.

"मघाशी नवरी निघाली तेव्हा तुम्ही नागाचं थांबवून काहीतरी लावलं होतं," तोताराम म्हणाला. "अर्धा मिनिटच. ते काय होतं?"

"काही नाही. गिटारवरचीच खुंटी उतरवून असाच एक सूर."

"आम्हाला तसं वाजवणारा माणूस पाहिजे. कॉलनीत हॉल आहे, लोक खुर्चीवर बसून ऐकतात. पोटापाण्याचं म्हणाल तर राखेच्या विभागात ठेकेदाराकडं काम मिळेल, मी शब्द टाकतो. राहायला खोली बघून देऊ."

खुर्चीवर बसून ऐकतात, हे शब्द हिलालच्या डोक्यात घुमत राहिले. त्यानं लताला सांगितलं. त्याला वाटलं होतं, ती घाबरेल. आई लहानपणी गेल्यामुळं बँडच्या साऱ्या माणसांचा स्वयंपाक लता परकरी वयापासून करत होती. बाप सोडून ती कुठं जाणार? लता भाकरी थापत होती. थापणं न थांबवता तिनं विचारलं, "तठे खिडकीमातीन काय दिखस?"

"चिमण्या दिसतात म्हणे. विजेच्या कारखान्याच्या. लांब तापी."

"तुम्ही आबांशी बोला," ती म्हणाली. "मी भांडा बांधी ठेवस."

खरंच तिनं बांधली. स्वतःच्या लग्नात आलेली तेवढीच भांडी जुन्या लुगड्यात बांधून तिनं पलंगाखाली सरकवली. हिलाल रोज ते गाठोडं बघायचा आणि रोज ठरवायचा. शेवटी एका सकाळी आबा उंबऱ्यावर एकटे बसलेले पाहून तो त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला. आबांच्या मांडीवर क्लॅरिनेट होतं. ते त्याला तेल लावत होते.

"आबा, एक बोलणं होतं."

"बैस," आबा म्हणाले. हिलाल बसला. आबांनी क्लॅरिनेट ओठाला लावलं आणि फुंकलं. सूर उमटला, थोडा डगमगला आणि तुटला. आबा खोकत राहिले. खोकला थांबायला बराच वेळ लागला. डोळे पुसून ते म्हणाले, "डॉक्टरनी बंद कराले सांगं. छातीमा काही ऱ्हायनं नही म्हने. मी कोनले सांगं नही आजून." त्यांनी क्लॅरिनेट फडक्यात गुंडाळलं. "मनी फुंक गयी, हिलाल. आते तूच मनी फुंक शेस. बारा घरं शेत या बँडवर." मग त्यांना आठवलं. "तू काय सांगत व्हता?"

हिलाल म्हणाला, "भोंग्याचं युनिट गेलंय. नूरभाईंकडं जाऊन येतो."

तो पाचकंदिलाला गेला, काही न सांगता बसून राहिला आणि दुपारी परतला. लता स्वयंपाकघरात उभी होती.

"बोलनात का?"

"नही बोलनू."

तिनं कारण विचारलं नाही. खोकला तिनंही आतून ऐकला होता. तिनं पलंगाखालून गाठोडं ओढलं, गाठ सोडली आणि एक-एक भांडं फळीवर लावायला लागली. आधी तांबे, मग वाट्या, मग परात. हिलाल दारात उभा होता. तिला मदत करावी की नाही हे त्याला कळेना. गिरणी चालू झाली तशी फळीवरची भांडी एकमेकांना लागून किणकिणू लागली. लतानं मधे चिंध्या घातल्या.

त्यानंतरची वर्षं हिलालला वेगवेगळी आठवत नाहीत. एक मुलगी झाली, तिचं नाव ठेवलं. बाप सोनगीरला वारला. बाकी सगळी एक लांबच लांब वरात. कधीकधी वाजवता वाजवता त्याला वाटायचं की समोर लोळणारी माणसं बदलत नाहीत, सोनगीरला जी लोळायला लागली तीच अजून उठलेली नाहीत. हात आपोआप चालायचा. तार कुठं ओढायची, किती, सोडायची कधी, यातलं काहीही त्याला ठरवावं लागत नसे. डोकं तेवढ्या वेळात दुसरीकडं जाऊन यायचं. पण जायचं तरी कुठं, म्हणून तेही मग तिथंच राहू लागलं.

पंच्याण्णव साली सुटका झाली, ती अशी. छोट्या कीबोर्डमध्ये नुसतं एक बटण दाबलं की पुंगी वाजायला लागली. हिलालला जो चिरका सूर काढायला बोटं झिजवावी लागली होती, तो आता पेटीतून तयार निघत होता. आबांनीही एक कीबोर्ड आणला. ते आता खूप थकले होते, पण धंद्याचं त्यांना अजून बरोबर कळत होतं. कीबोर्ड हिलालपुढं ठेवून ते म्हणाले, "हाई सोपं शे. आठ दिनमा येई जाई."

हिलालनं त्या पांढऱ्या पट्ट्यांकडं पाहिलं. "मी हे शिकाव नही, आबा."

दुकानात ढोलवाले बसले होते. त्यांनी माना वर केल्या. आबा त्याच्याकडं बघत राहिले. इतक्या वर्षांत जावयाच्या तोंडून नाही हा शब्द त्यांनी ऐकला नव्हता आणि आता तो ऐकल्यावर काय करायचं हे त्यांना ठाऊक नसावं.

"मंग काय करशी?"

"मशीनकडे देखसू."

"बरं," आबा म्हणाले. मग म्हणाले, "ती गिटार तुलेच ठेव. डबा बी."

कीबोर्डला पारोळ्याचा एक तरुण ठेवला. हिलाल भोंग्यांच्या गाडीबरोबर चालू लागला, बॅटरीकडं लक्ष ठेवत. नाग वाजतच होता, पण आता त्याच्या हातातून नाही. हात मोकळे झाले, एवढं मात्र खरं.

तो डबा घेऊन नूरभाईंकडं गेला. नूरभाईंना आता जाड भिंगाचा चष्मा लागला होता. त्यांनी लाख खरवडली, आतले भाग बदलले आणि खुंट्या पुन्हा फिरू लागल्या. त्याच पावसाळ्यात हिलालनं तोतारामला निरोप धाडला. तोतारामनं ताबडतोब उलट कळवलं: गणपतीत कॉलनीत कार्यक्रम आहे, या.

दीपनगरचा हॉल मोठा होता. लोक खरोखर खुर्च्यांवर बसले होते. पंखे फिरत होते. तोतारामच्या केसांत पांढरं दिसत होतं. त्यानं माइकवर हिलालचं नाव सांगितलं, धुळ्याचे कलाकार म्हणाला. हिलालनं डबा पायाशी ठेवला, धारेची खुंटी कमी ठेवली आणि ज्याची त्यानं दहा वर्षं वाट पाहिली होती तो सूर लावला.

सूर चांगला लागला. भरून आला, कडेला किंचित फाटला, उभा राहिला. पुढच्या रांगेतला एक म्हातारा सरसावून बसला. हिलालनं तार ओढून सूर वर न्यायला सुरुवात केली आणि मध्यावर त्याचं बोट घसरलं. मुद्दाम नव्हे. ते जिथं रोज जायचं तिथं आपणहून गेलं. सूर वळवळला. हिलालनं दचकून हात मागं घेतला, पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तिथंच. त्यानं दुसऱ्या बोटानं प्रयत्न केला, तेही पहिल्याच्याच मागं गेलं. हॉलमध्ये मागच्या बाजूला कुणीतरी हसलं, कुणीतरी ओळखून टाळी दिली, आणि एक तरुण खुर्चीवरून उठून रुमाल काढत मधल्या मोकळ्या जागेत आला. तोताराम बाजूला उभा होता. तो मान खाली घालून वायर गुंडाळू लागला.

मग हिलालनं नागच वाजवला. चांगला वाजवला. लोकांनी पुन्हा एकदा म्हणून आग्रह केला आणि त्यानं पुन्हा एकदा वाजवला.

घरी आल्यावर लतानं जेवायला वाढलं आणि समोर बसली. "कसं व्हयनं?"

"लोक नाचले," हिलाल म्हणाला.

तिला कळलं. ती उठून आणखी एक भाकरी घेऊन आली. हिलालनं ताटावरचा हात उचलून दिव्याच्या उजेडात बघितला, दुसऱ्या कुणाचा असावा तसा. म्हणाला, "मला वाटायचं, डब्याच्या खुंट्याच तेवढ्या लाखेनं घट्ट बसल्यात."

आबा पुढच्या वर्षी गेले. बँड त्यांच्या पुतण्याकडं गेला, पण खोली लताच्या नावावर राहिली आणि बँडच्या माणसांचा स्वयंपाकही. दीपनगरला जायला आता कुणाची आडकाठी नव्हती. पण तोतारामच्या ऑर्केस्ट्रातही कीबोर्ड आला होता आणि मुलीची शाळा धुळ्यात होती. ते तिथंच राहिले.

सकाळी गिरणी सुरू होण्याआधी थोडा वेळ शांत असतो. तेवढ्या वेळात हिलाल आतल्या खोलीत गिटार घेऊन बसतो. एकच सूर लावतो आणि तो सरळ वर न्यायचा प्रयत्न करतो. बोट बहुतेक वेळा घसरतं. कधी घसरत नाही. लता स्वयंपाकघरात पीठ मळत असते. तिला आता नुसत्या आवाजावरून कळतं की बोट कोणत्या ठिकाणी वाट सोडणार.

"गयं देखा परत," ती आतून म्हणते.

हिलाल थांबतो, हात झटकतो आणि पहिल्यापासून सुरुवात करतो.